भेटीहून आला की तो बिथरतो

पत्र

ताई, नमस्कार.

चौदा महिन्यांपूर्वी आमच्या घरी एक मुलगा फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, आला. तेव्हा तो सव्वातीन वर्षांचा होता, आता साडेचारचा होईल. पहिले तीन महिने बूट काढून झोपायला तयार नसायचा. आता माझ्या नवऱ्याच्या पाठीवर बसून घरभर फिरतो. त्याची आई व्यसनमुक्तीचे उपचार घेते आहे. दर शनिवारी एका खोलीत, देखरेखीखाली, तासभर भेट असते. दोनदा ती आलीच नाही. भेटीहून आला की पुढचे दोन दिवस तो बिथरलेला असतो. अंथरूण ओलं करतो, वस्तू फेकतो, मला म्हणतो, 'तू माझी आई नाहीस.' मंगळवारी कुठे जरा शांत होतो, की पुन्हा शनिवार समोर दिसायला लागतो. आता त्याचं प्रकरण बघणारे केसवर्कर म्हणतात, आठवड्यातून दोन भेटी करायच्या. माझा जीव थाऱ्यावर नाही. भेटी बंद करा, असं सांगायचा आम्हाला हक्क आहे की नाही? रात्री उठून चादरी आम्ही बदलतो, मग आमचे काही हक्क आहेत की नाहीत? आणि उद्या तो परत गेला, तर आम्ही त्याचे कोण?

– एक फॉस्टर आई

उत्तर

तुम्ही स्वतःचं नाव लिहिलं नाहीत, मुलाचं नाही, गावाचंही नाही. तसंच हवं. फॉस्टर केअरमधल्या मुलाची ओळख चव्हाट्यावर येऊ न देणं हे फॉस्टर पालकांचं पहिलं काम, आणि ते तुम्ही कुणी न सांगता केलंत. देश कळला नाही म्हणून तुमच्या कायद्याची कलमं मला मांडता येणार नाहीत. पण ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी साधारण एकाच पायावर उभी आहे, त्यामुळे उत्तर अडत नाही.

आधी तुमचा थेट प्रश्न. भेटी बंद करा, असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे आणि तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं पाहिजे. निर्णय मात्र तुमचा नाही. बहुतेक ठिकाणी तो एकट्या केसवर्करचाही नसतो. तो न्यायालयाचा किंवा बालकल्याण समितीसारख्या यंत्रणेचा असतो. आणि माझं मत विचाराल, तर पत्रात जेवढं आहे तेवढ्यावरून ही मागणी करू नका. भेटी कशा व्हाव्यात, याबद्दल मात्र हट्ट धरा. त्या बाबतीत तुमच्याइतकी माहिती कुणाकडेच नाही.

आपण सगळेच बोलताना 'आईचा भेटीचा हक्क' म्हणतो आणि तिथेच गल्लत होते. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. सदस्य देशांपैकी अमेरिका वगळता सगळ्यांनी तो स्वीकारला आहे. त्याच्या नवव्या कलमात म्हटलंय की आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलाला त्या दोघांशी नियमित आणि प्रत्यक्ष संबंध ठेवायचा हक्क आहे. मुलाच्या हिताला बाध येत असेल तर तेवढाच अपवाद. म्हणजे हक्क मुलाचा आहे. आई व्यसनात अडकली, तिच्या हातून चुका झाल्या, दोन शनिवार ती फिरकली नाही, यातल्या कशानेही त्याचा हक्क कमी होत नाही. म्हणूनच भेटी आईला शिक्षा म्हणून कापायच्या नसतात आणि बक्षीस म्हणून वाढवायच्याही नसतात. दोन्ही प्रकार होतात, हे मी पाहिलंय. म्हणून तर हे ठासून सांगते.

मग तो बिथरतो का? दर शनिवारी तो दोन निरोप घेतो. सकाळी तुमच्या दारात तुमचा, आणि तासाभराने त्या खोलीच्या दारात तिचा. दोन्ही वेळा कुणीतरी मोठं माणूस घड्याळाकडे बघून सांगतं की चला, वेळ झाली. साडेचार वर्षांच्या मुलाकडे याला शब्द नसतात. त्याच्याकडे चादर असते, फेकायला हाताला लागेल ती वस्तू असते, आणि तुम्ही असता. 'तू माझी आई नाहीस' हे तो त्या खोलीतल्या देखरेख करणाऱ्या बाईंना म्हणत नाही, तुम्हाला म्हणतो. ज्या माणसासमोर रागावलं तरी आपल्याला घराबाहेर काढणार नाहीत, याची खात्री पटायला लागली आहे, त्याच माणसाला तो हे म्हणू शकतो. त्याला उत्तर द्यायचं तर साधं द्या: 'हो, तुझी आई ती आहे. मी तुला सांभाळते.' दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि खरं ऐकलं की मूल लवकर थकतं, लवकर झोपतं.

मी या कामात नवी होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. एका सात वर्षांच्या मुलीच्या अहवालात मी लिहिलं होतं, 'भेटीनंतर मुलगी अस्वस्थ असते.' एवढीच ओळ. त्या ओळीच्या आधारावर आठवड्याची भेट महिन्यावर गेली. मुलगी एकदम शांत झाली, शाळेतून तक्रारी यायच्या थांबल्या. आम्हा सगळ्यांना वाटलं, बरोबर केलं. तीन महिन्यांनी तिच्या फॉस्टर आईने मला कपाटाच्या तळातली एक कापडी पिशवी काढून दाखवली. आत आईचा एक रुमाल, केसांच्या दोन पिना, आणि भेटीच्या खोलीतल्या रंगवायच्या कागदाचा एक तुकडा होता. घड्या घालून घालून तो चार ठिकाणी विरला होता. रोज रात्री ती पिशवी उशीखाली जायची आणि उजाडायच्या आत पुन्हा कपाटात. आम्ही ज्याला शांतपणा म्हणत होतो, ते तिचं गप्प बसणं होतं. भेटी पूर्ववत व्हायला सहा महिने गेले. मूल भेटीनंतर रडत असेल तर मला काळजी वाटते, पण काहीच करत नसेल तर जास्त वाटते.

म्हणून अशी मोघम ओळ तुम्ही कुठे लिहून देऊ नका, आणि दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका. एक वही करा. तारीख, वेळ, काय घडलं, तो काय म्हणाला. उदाहरणार्थ: 'शनिवार. भेट ११ ते १२. जाताना गाडीत गाणं म्हणत होता. आई १५ मिनिटं उशिरा आली, तोवर दाराकडे बघत उभा. परत आल्यावर बूट काढू दिले नाहीत. रात्री २ वाजता अंथरूण ओलं. काय झालं विचारलं तर म्हणाला, ती गेली.' याच्या जागी 'आईला भेटून त्याला त्रास होतो' असं लिहिलंत, तर तो तुमचा निष्कर्ष झाला आणि वकील तो एका मिनिटात खोडून काढेल. वरच्या नोंदीत मात्र वाचणाऱ्याला स्वतःलाच दिसतं की दुखरी जागा भेट संपण्यात आणि उशिरा सुरू होण्यात आहे. चांगलं घडेल तेही तितक्याच इमानाने लिहा. आई त्याच्या बुटांची नाडी बांधत बसली होती आणि तो हसत होता, असं केसवर्करकडून कळलं, तर तेही लिहायचं. एकतर्फी वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता हट्ट कशाचा धरायचा ते सांगते. एका तासाची भेट म्हणजे ओळख पटेपर्यंत संपते. एक तास दोनदा करण्याऐवजी दोन तास सलग चालतील का, विचारा. ती बंद खोली बदलून, देखरेख तशीच ठेवून, बागेत किंवा वाचनालयात भेट होऊ शकते का, विचारा. भेटीच्या सुरुवातीला पाच मिनिटं तुम्ही आणि त्याची आई त्याच्या डोळ्यांसमोर एकमेकींशी बोलता का? बहुतेक ठिकाणी मुलाची ने-आण गाडीवाला किंवा सहाय्यक करतो आणि दोन्ही बायका एकमेकींना कधी बघतच नाहीत. मुलाला मग वाटतं की ही दोन जगं एकमेकांची वैरी आहेत आणि आपल्याला बाजू निवडायची आहे. तुम्ही तिला नुसतं 'काल त्याला नीट झोप लागली नाही' एवढं सांगितलंत, तरी त्याच्या मनावरचं ओझं हलकं होतं. हे तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. तरी करा. तिच्याकडून धोका असेल म्हणून तुमची ओळख तिच्यापासून गुप्त ठेवली असेल, तर मात्र हे करायचं नाही.

आणि त्याच्या आईचा एक फोटो त्याच्या पलंगाशेजारी ठेवा. इंग्लंडमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या जोडप्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीला काही लहान मुलांना, त्यांच्या आया रुग्णालयात असताना, आपल्या घरी सांभाळलं आणि रोजच्या बारीक नोंदी ठेवल्या. मुलाच्या सवयी आधीच विचारून घ्यायच्या, त्याच्या ओळखीच्या वस्तू सोबत आणायच्या, आईचा फोटो दाखवत तिच्याबद्दल बोलत राहायचं, अशी त्यांची पद्धत होती. ती मुलंही कष्टी झाली, पण निवासी पाळणाघरात सोडलेल्या मुलासारखी कोसळली नाहीत. आईची आठवण पुसण्याने मूल तुमचं होत नाही, हे त्यांनी इतक्या जवळून दाखवलं की मी अजूनही नव्या फॉस्टर पालकांना पहिल्यांदा हेच सांगते.

ती न आलेल्या शनिवारांचं काय? भेटीच्या तासभर आधी ती पोहोचते आहे याचा निरोप मिळाल्याशिवाय मुलाला घरातून काढायचं नाही, असा नियम लिहून मागा. त्याला आदल्या रात्रीपासून सांगत बसू नका, सकाळी सांगा. आणि ती आली नाही तर 'तिला बरं नसेल' असं रचून सांगू नका. 'आज आई आली नाही. तुझी काही चूक नाही,' एवढं पुरे.

भेटी खरोखर थांबवाव्या लागतात अशा वेळाही असतात. आई नशेत आली, मुलाला धमकावलं, 'हे कुणाला सांगू नकोस' असं काही सांगितलं, अंगावर खुणा दिसल्या, किंवा मूल भेटीच्या नावानेच घाबरून लपायला लागलं, तर वहीत लिहून आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी कळवा. त्यासाठी यंत्रणेकडे तातडीचे अधिकार असतात. इंग्लंडच्या १९८९ च्या बालकायद्यात स्थानिक प्रशासनाला न्यायालयात न जाता जास्तीत जास्त सात दिवस भेट रोखता येते; त्यापुढे न्यायाधीशांची परवानगी लागते. भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही, फॉस्टर कुटुंबातल्या मुलाला आईवडिलांनी भेटणं त्याच्या हिताचं नाही असं समितीला वाटलं, तर तिला कारणं नोंदवावी लागतात. भेट तोडणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं, ही गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही.

भेटी दोन करायच्या म्हणतात, याचा अर्थ बहुधा मूल परत पाठवण्याच्या दिशेने विचार चालू आहे. बहुधा म्हणते, कारण तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, आणि हीच माझी यंत्रणेबद्दलची खरी तक्रार आहे. चौदा महिने मूल सांभाळणाऱ्या बाईला योजना काय आहे हे अंदाजाने ओळखावं लागू नये. उद्याच लेखी विचारा: सध्याची योजना परत पाठवण्याची आहे की दुसरी, आईने काय काय पूर्ण करायचं आहे, त्यातलं किती झालं, पुढचा आढावा कोणत्या तारखेला, त्यात आम्हाला बोलावणार का. बालहक्क कराराच्या पंचविसाव्या कलमाने अशा मुलाच्या स्थितीचा वेळोवेळी आढावा घेणं बंधनकारक केलंय. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पर्यायी संगोपनाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यात तर शक्यतो दर तीन महिन्यांनी आढावा घ्या असं आहे.

त्याच तत्त्वांमध्ये म्हटलंय की मूल घरातून काढणं हा शेवटचा उपाय, तोही शक्य तितका तात्पुरता, आणि नुसती गरिबी हे त्याचं कारण होऊ शकत नाही. फॉस्टर केअर आणि दत्तक यांत हाच फरक आहे. दत्तकात नातं कायद्याने बदलतं. फॉस्टर केअरमध्ये रोजचा सांभाळ तुमच्याकडे येतो, नातं जिथे होतं तिथेच राहतं, आणि आईला सावरायला मदत करणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. उपचार, समुपदेशन, राहायची सोय, वकील, सुनावणीची सूचना, हे तिला मिळालं पाहिजे. आपल्याला राग येतो की ती बाई चुकली आणि तिच्यासाठीच एवढं सगळं. पण नॉर्वेच्या एका खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. बाळ जन्मानंतर काही आठवड्यांतच फॉस्टर केअरमध्ये गेलं, आईला भेटी अगदी तुटपुंज्या दिल्या आणि पुढे तिचे पालकत्वाचे हक्क काढून फॉस्टर पालकांना दत्तक दिलं. आईच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असा निकाल लागला. तुटपुंज्या भेटींतून ती आई कशी आहे हे ठरवायला पुरेसा पुरावाच मिळत नाही, असं न्यायालयाला वाटलं. भेटी वाढणं म्हणजे तुमच्या विरुद्धचा कौल, असं समजू नका. ती तिची परीक्षा आहे. ती पास होईल किंवा नापास होईल, पण पेपर द्यायला मिळाला पाहिजे.

पण मुलाचं बालपणही अनंतकाळ टांगून ठेवता येत नाही. म्हणून कित्येक देशांनी मुदती घातल्या आहेत. अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्यानुसार गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल, तर पालकत्व संपवण्यासाठी राज्याला अर्ज करावा लागतो. मूल नातलगांकडे असेल किंवा आईला हवी ती मदत यंत्रणेनेच दिली नसेल, तर अपवाद करता येतो. तुमच्याकडे अशी मुदत आहे का, ती कधी भरते, हेही त्याच पत्रात विचारून टाका.

तुमचे हक्क. मुलाची माहिती मिळण्याचा: आजार, औषधं, शाळा, तो कशातून आला आहे. प्रशिक्षणाचा, रात्री-अपरात्री फोन करता येईल अशा माणसाचा, आणि थकलात तर दोन दिवस विसाव्याचा. ही सोय सगळीकडे असतेच असं नाही, पण मागायला लाजू नका. खर्चाचा भत्ता ठरला असेल तर तो वेळेवर मिळण्याचा. रोजच्या साध्या गोष्टी, म्हणजे मित्राकडे खेळायला पाठवणं किंवा शाळेची सहल, स्वतः ठरवण्याचा. शस्त्रक्रिया, परदेश प्रवास, शाळा बदलणं यांसाठी मात्र परवानगी लागते. आणि सर्वांत मोठा, ऐकलं जाण्याचा. अमेरिकेत फॉस्टर पालकांना सुनावणीची सूचना मिळते आणि बोलता येतं. पण एवढ्याने ते खटल्याचे पक्षकार होत नाहीत. बहुतेक ठिकाणी साधारण असंच आहे. तुमची वही तिथे कामाला येते.

घरी तपासणीला येतात त्याचा त्रास होतो, असं अनेक जणी सांगतात. तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगते. १९४५ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये डेनिस ओ'नील नावाचा बारा वर्षांचा मुलगा फॉस्टर घरात उपासमारीने आणि मारहाणीने गेला. त्याच्यावर नीट देखरेख ठेवलीच गेली नव्हती. त्याच्या मृत्यूच्या चौकशीनंतर तिथला १९४८ चा बालकायदा आला. अधिकारी मुलाशी तुमच्यामागे, एकट्याने बोलतात, ते तुमच्यावरच्या संशयातून नाही. डेनिसकडे कुणी वेळेवर नीट लक्ष दिलं नव्हतं, म्हणून ते बोलतात. तुमचा मुलगा साडेचारचा आहे, पण कराराच्या बाराव्या कलमाने त्याच्याही मताला वयाच्या मानाने वजन दिलंय. भेटी कशा हव्यात, हे त्याला चित्र काढून, खेळातून विचारता येतं. हे काम त्यातल्या जाणकाराने करायचं; तुम्ही विचारलंत तर तो तुम्हाला आवडेल तेच सांगेल.

राहिला शेवटचा प्रश्न. तो परत गेला तर तुम्ही त्याचे कोण? कायद्याच्या भाषेत बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. मी हे गोड करून सांगणार नाही, कारण तुम्ही उगाच वेगळ्या आशेवर राहाल. पण परत पाठवण्याची योजना ठरताना, परतल्यानंतरही संपर्क राहावा ही मागणी तुम्ही आढाव्यात मांडू शकता, आणि आईची संमती असेल तर ती योजनेत लिहून घेता येते. तुम्ही दोघी भेटीआधी पाच मिनिटं बोलत होतात की नव्हतात, हे इथे उपयोगी पडतं. जिने तुम्हाला फक्त कागदावर पाहिलंय, ती तुम्हाला दार का उघडेल?

तोवर या शनिवारी एक करा. कागदावर त्याच्या आईसाठी लिहा: तो दिवा चालू ठेवून झोपतो की बंद करून, स्वप्न पडलं तर काय केलं की थांबतो, बूट काढायला पहिल्यांदा कोणत्या रात्री तयार झाला, कोणत्या शब्दांचा उच्चार अजून बोबडा आहे. केसवर्करला दाखवा आणि त्यांच्या हाती तिला पोहोचवा. चौदा महिन्यांतलं तिला काहीच माहीत नाही. कोणत्या कुशीवर झोपतो, तेही लिहा.